दूरच्या वाटेसाठी टायरची निवड



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीतील तीन तरुण माझ्याकडे आले. तिघांनी मिळून चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी एक गाडी घेतली आहे. इंदूरहून निघून उदयपूर, जोधपूरवरून जैसलमेरची वाळू तुडवावी, तेथून उत्तरेस वळून मनालीमार्गे लेह गाठावे आणि दिल्ली, ग्वाल्हेर, गुना या वाटेने घरी परतावे, असा महिन्याभराचा बेत त्यांनी आखला आहे. माझ्या हातून काही वर्षे अशा गाड्या चालल्या आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे. त्यांचा प्रश्न एकच होता : ‘‘काका, टायर कोणते घालायचे?’’

खरे पाहता उत्तर ते बरोबर घेऊनच आले होते. एका दुकानात त्यांनी मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांचे, रुंद आणि उंच असे चिखलाचे टायर पाहिले होते. ते चढविले की गाडी कशी दिसेल याचे चित्रही त्यांनी मला दाखविले. गाडी दिसत होती मोठी रुबाबदार, यात शंका नाही. परंतु टायर हा गाडीचा दागिना नव्हे. दोन हजार किलोंहून अधिक वजनाची गाडी आणि तिच्यातील माणसे ज्या रबरावर उभी असतात, त्याचा जमिनीला टेकलेला भाग प्रत्येक चाकाखाली जेमतेम पायातल्या जोड्याएवढा असतो. तेवढ्या चार तुकड्यांवर सर्वांचा जीव.

म्हणून मी त्यांना उलट विचारले, ‘‘गाडीचे वजन किती?’’ त्यांनी पुस्तिकेतला आकडा सांगितला. तो रिकाम्या गाडीचा होता. मग दुसऱ्या रविवारी तिघांना, तंबू, अंथरुणे, पाण्याचे डबे, भांडीकुंडी, डिझेलचे दोन कॅन आणि टपावरच्या पिंजऱ्यासकट मी देवास नाक्यापलीकडील एका धर्मकाट्यावर नेले. काटा पुस्तिकेतील आकड्यापेक्षा सहाशे किलोंहून वर गेला! तिघांचेही चेहरे पाहण्यासारखे झाले. पुढची चाके काट्यावर व मागची बाहेर, मग त्याच्या उलट, असेही वजन केले, तेव्हा कळले की मागच्या प्रत्येक चाकावर सुमारे सहाशे किलो येतात. टायरची निवड नक्षीपासून नव्हे, ह्या आकड्यापासून सुरू होते.

टायरच्या कडेवर बरेच काही लिहिलेले असते, आणि आपण ते क्वचितच वाचतो. समजा, २३५/७५ आर १५ असे लिहिले आहे. २३५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा ७५. ‘आर’ म्हणजे रेडियल. आणि १५ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. त्यापुढे १०५ असा आकडा असेल, तर तो टायर पुरी हवा असताना ९२५ किलो उचलू शकतो. १०० असेल तर ८००, ११२ असेल तर ११२०. कडेवरच एका लांबट चौकटीत चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन म्हणजे वर्षातील आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. गोदामात पाच-सहा वर्षे पडून राहिलेला टायरही काळाभोर, नवाकोरा दिसतो; रबर मात्र आतून म्हातारे झालेले असते. दुकानदाराने किमतीत सूट दिली, तर आनंदित होण्यापूर्वी हे चार अंक पाहावेत.

त्यानंतर आम्ही नकाशा पसरला. मुलांकडूनच मी अंतरे मोजून घेतली. एकूण प्रवास सुमारे पाच हजार किलोमीटरांचा. त्यात डांबर सोडून चालावयाचे अंतर चारशेच्या पुढे जाईना. चिखलाचे टायर त्या चारशेसाठी घ्यायचे आणि उरलेल्या साडेचार हजारांवर काय? ठोकळ्यांच्या मध्ये जागा मोठी, म्हणून ओल्या डांबरावर प्रत्यक्ष टेकणारे रबर कमी. ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक लांब जाऊन थांबते. शिवाय दिवसभर कानांशी घरघर, आणि डिझेलचा खर्च वाढता. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ नावाचे वाहनपरीक्षणाचे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटरांचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाला. वेगाची, ओल्या रस्त्यावरील ब्रेकची, खडबडीत वाटेची अशा निरनिराळ्या परीक्षांसाठी तेथे निरनिराळे मार्ग बांधावे लागले आहेत. रस्ता ही काही एकच वस्तू नव्हे, एवढे त्या आवाराकडे पाहूनही ध्यानात येते.

मुलांनी जो अधिक उंच टायर पसंत केला होता, त्यात आणखी एक मेख होती. चाकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की वेगाचा काटा ८० दाखवीत असता गाडी खरोखर ८८ ने धावते. शिवाय चाक पुरते वळविले की ते पंख्याला घासते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही गाडीत मूळ नोंदीहून वेगळे फेरबदल करू देत नाही. तेव्हा कंपनीने नेमलेलेच माप घ्यावे, असे ठरले. त्या मापात ज्याला बाजारात ‘ऑल-टेरेन’ म्हणतात तो मध्यम नक्षीचा टायर मिळतो. डांबर, खडी, वाळू, थोडाबहुत चिखल अशा साऱ्यांशी त्याचे जमते. अगदी गळ्यात गळा कोणाशीच नाही.

आता जमिनीकडे वळू. आपल्या माळव्याची काळी माती प्रथम. पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही चिकणमाती ज्याने पावसाळ्यात पायांनी तुडविली आहे, त्याला अधिक सांगणे नलगे. चार पावले टाकली की जोड्याला आणखी एक जोडा चिकटतो. टायरचे तसेच होते. नक्षीच्या खाचा भरून निघतात, आणि मग टायर कितीही उग्र असो, तो गुळगुळीत लाटण्यासारखा फिरतो. चिखलाच्या टायरला मोठ्या खाचा असतात त्या चाकाच्या फेऱ्यांनी माती फेकून द्यावी म्हणून. पण काळी माती पहिल्या गतीत सहजी सुटत नाही, पंख्याखाली थापली जाते आणि शेवटी चाकच जाम होते. आमच्या लहानपणी बैलगाडीची चाके उंच आणि अरुंद असत. अरुंद चाक चिखल कापून खालच्या मुरुमावर टेकते. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचे टायरही ६.००-१६ मापाचे, म्हणजे अवघे सहा इंच रुंद होते, हे आजच्या रुंद टायरांच्या हौशी मंडळींना खरे वाटत नाही. पण मुरूम हाताशी असेल तर! जेथे काळी माती पुरुषभर खोल आहे, तेथे कोणताही टायर विकत घेऊन उपयोग नाही; शेताच्या बांधावर दोन दिवस उन्हाची वाट पाहावी. रतलाम, मंदसौरकडे कच्च्या वाटांनी जाण्याचा मुलांचा विचार मी एवढ्यासाठीच मोडून काढला.

वाळूची गोष्ट निराळी. तेथे नक्षीपेक्षा हवा महत्त्वाची. मागच्या चाकावर सहाशे किलो, म्हणजे तेराशे पौंडांहून थोडे अधिक. टायरमध्ये दर चौरस इंचाला ३२ पौंड हवा असेल, तर तेवढे वजन पेलण्यासाठी ढोबळ मानाने ४१ चौरस इंच रबर जमिनीला टेकते. हवा १६ पौंडांवर आणा, की हाच ठसा सुमारे दुप्पट होतो. तो रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो, आणि उंटाच्या तळव्याप्रमाणे वाळूवर पसरतो. राल्फ बॅगनोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९३० च्या सुमारास साध्या फोर्ड गाड्यांनी लिबियाच्या वाळवंटातील टेकड्या ओलांडल्या, तेव्हा टायरमधील हवा उतरविणे हीच त्याची मोठी युक्ती होती. रुतलेल्या चाकाखाली घालावयाच्या लोखंडी पट्ट्या ही दुसरी.

मात्र ह्या युक्तीला एक उत्तरार्ध आहे, आणि तो मी फार महाग किमतीला शिकलो. अनेक वर्षांपूर्वी एका मित्रासह मी जैसलमेरपलीकडे समच्या टेकड्यांवर गेलो होतो. हवा १६ पौंडांवर उतरवून दुपारभर मनसोक्त हिंडलो. सायंकाळी डांबरी सडकेवर आलो, तेव्हा पायाने हाणावयाचा पंप तेवढा जवळ होता आणि अंगात त्राण नव्हते. मित्र म्हणाला, ‘‘अरे, हवा भरून घेऊ.’’ मी म्हणालो, ‘‘चाळीस किलोमीटर तर आहेत, गावात गेल्यावर भरू.’’ सडक सरळ, मोकळी. माझा पाय ८० वर गेला. त्या वेगात चाक मिनिटाला पावणेसहाशेच्या आसपास फेरे घेते, आणि हवा कमी असलेल्या टायरची कड प्रत्येक फेऱ्याला चेपते नि उघडते. तार वारंवार वाकविली की ती जशी तापून तुटते, तसेच आत चालले होते. बाहेर मात्र मला काहीच जाणवले नाही. मागचे डावे चाक फुटले, गाडी सडक सोडून कुशीवर पडली आणि मित्राच्या गळपट्टीचे हाड मोडले. टायर चांगला होता, नवा होता, योग्य मापाचा होता. चूक सर्वस्वी माझी. तो मित्र आजही माझ्याकडे चहाला येतो. माझ्या गाडीत मात्र बसत नाही, आणि मीही आग्रह करीत नाही.

ही हकीकत ऐकल्यावर मुलांनी विजेवर चालणारा हवेचा छोटा पंप आणि दाब मोजण्याचे चांगले मीटर घेण्याचे ताबडतोब कबूल केले. टायरच्या किमतीपुढे ह्या दोन वस्तूंची किंमत काहीच नाही.

तिसरी भूमी लडाखची. तेथे शत्रू म्हणजे धारदार दगड, आणि तो नक्षीवर नव्हे, कडेवर वार करतो. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो हा रेडियल टायर. त्याची कड लवचीक असते, म्हणून तो अधिक चांगला धरतो व कमी तापतो. पण कड कापली गेली तर ती वाटेत सांधता येत नाही. नक्षीतील खिळ्याचे भोक रबरी दोरी घालून पाच मिनिटांत बुजते, कडेचे नाही. म्हणून एकाच नक्षीचे दोन जादा टायर न्यावेत, आणि मापाची एक ट्यूबही. कापलेल्या टायरला आतून जाड पट्टी लावून तिच्यात ट्यूब घातली, तर पुढचे गाव हळूहळू गाठता येते. ह्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधील लानेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी पहिले जादा चाक विकले. त्या गल्लीचे नाव आपल्याकडे ट्रकवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी रुळले आहे, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

उंचीविषयी मुलांनी एक चांगली शंका काढली. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आणि तंगलंग ला ५३२८ मीटरांवर. वर हवा विरळ, मग टायर फुगून फुटणार नाही ना? हिशेब करून पाहिला. इंदुरात ३२ पौंड भरलेला टायर केवळ उंचीमुळे तेथे ३८ दाखवील. पण इंदुरातले तापमान ३० अंश आणि खिंडीतले शून्य धरले, तर थंडीने साडेचार पौंड परत कमी होतात. राहिला फरक दीड-दोन पौंडांचा. खरी काळजी उतरताना घ्यावयाची : वर कोणी धसक्याने हवा काढून टाकली असेल, तर मनालीला उतरेपर्यंत टायर निम्मे मेलेले असतात. रोज सकाळी, चाके थंड असताना, मीटर लावावे.

असो. चर्चा एवढी झाल्यावर टायरचे नाव तेवढे सांगायचे उरले होते, आणि ते मी सांगितले नाही. चार-पाच नामांकित कंपन्यांचे टायर आपल्याकडे मिळतात. जोधपूरला किंवा मनालीला ज्याचा जोडीदार मिळू शकेल, तो घ्या, म्हटले. अगदी उत्तम, पण दिल्लीपलीकडे कोणी पाहिलाही नाही असा टायर दूरच्या वाटेवर निकामीच.

परवा तिघे पुन्हा आले. नेमलेल्या मापाचे सहा मध्यम टायर घेतले, आणि ऐटीच्या टायरांतून वाचलेल्या पैशांत पंप आला. टपावरचा लोखंडी पिंजरा उतरविला आहे. काट्यावर गाडी पहिल्यापेक्षा ऐंशी किलोंनी हलकी भरली. अडचण आता निराळीच उभी राहिली आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहून दुसऱ्या दिवशी निघायचे, असे त्यांनी ठरविले होते. पण त्या दिवसापासून पितृपक्ष लागतो, आणि एकाची आजी म्हणते, पितृपक्षात दूरच्या वाटेला चाक लावायचे नाही. दोन दिवस वाद चालला. अखेरीस चतुर्दशीच्या पहाटेच निघायचे ठरले आहे. झांक्या बुडणार म्हणून तिघेही हिरमुसले आहेत.