छातीच्या दुखापतीत नळी किती जाडीची घालावी?

(आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांच्या उजळणी वर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. छातीला जबर मार बसून फुप्फुसावरणाच्या पोकळीत रक्त किंवा हवा साचली, तर ती बाहेर काढण्यासाठी जी नळी घालावयाची, ती किती जाडीची असावी एवढाच प्रश्न. परंतु या प्रश्नाचे उत्तर ऐन वेळी शोधू लागल्यास काय होते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि तो सांगूनच आरंभ करतो.

मी नवखा वैद्यकीय अधिकारी असताना माडावरून पडलेल्या एका पाडेल्याला आमच्या रुग्णालयात आणण्यात आले. उजव्या बाजूच्या बरगड्या मोडलेल्या, श्वास वेगाने चाललेला, नाडी जलद आणि छातीचा खालचा भाग ठोकून पाहता बद्द वाजणारा. छातीत रक्त साचले आहे हे उघड होते. कपाटात २८ क्रमांकाची नळी होती. परंतु 'रक्तासाठी ३६ किंवा ४० क्रमांक' हे सूत्र मी पाठ केलेले होते. म्हणून मोठी नळी आणण्यासाठी मी माणूस पाठविला आणि वाट पाहत राहिलो. पाऊण तासाने वरिष्ठ शल्यचिकित्सक आले. त्यांनी कपाटातील तीच २८ क्रमांकाची नळी घातली, रक्त बाटलीत वाहू लागले आणि रुग्णाचा श्वास हळूहळू स्थिरावला. ते मला काही बोलले नाहीत. रुग्णपत्रिकेवर मात्र त्यांनी दोन वेळा लिहिल्या : रुग्ण आल्याची आणि नळी घातल्याची. रुग्ण वाचला, त्याचे श्रेय माझे नव्हते.

आता या क्रमांकांचा अर्थ पाहू. एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथील उपकरणकर्ते शारिएर यांनी रूढ केलेल्या मापात एक क्रमांक म्हणजे नळीच्या बाह्य व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे ३६ क्रमांकाची नळी १२ मिलिमीटर जाडीची, २८ क्रमांकाची सुमारे ९.३ मिलिमीटर आणि १४ क्रमांकाची सुमारे ४.७ मिलिमीटर.

मोठ्या नळीचा आग्रह निराधार नव्हता. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो, हा प्वाझेय यांचा नियम आपण शिकलेलो आहोत. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. शिवाय रक्त गोठते, आणि बारीक नळी लवकर तुंबेल ही भीती रास्तच वाटते. परंतु हा हिशेब नळीच्या क्षमतेचा आहे, रुग्णाच्या गरजेचा नव्हे. तासाला २०० मिलिलिटर हा रक्तस्राव आपण गंभीर मानतो. २८ क्रमांकाच्या मोकळ्या नळीला तो मुळीच जड नाही. नळी बंद पडते ती बहुधा ती मुडपल्यामुळे, चुकीच्या जागी गेल्यामुळे किंवा गुठळीमुळे. आणि मोठी गुठळी ४० क्रमांकाच्या नळीतूनही बाहेर येत नाही.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. लॉस एंजेलिस येथील शल्यचिकित्सकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९३ जखमी रुग्णांना घातलेल्या ३५३ नळ्यांचे निरीक्षण होते. एका गटात २८ ते ३२ क्रमांकाच्या नळ्या, दुसऱ्यात ३६ ते ४०. छातीत रक्त शिल्लक राहणे, पुन्हा नळी घालावी लागणे, वेदना, यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील शल्यचिकित्सक महाविद्यालयाच्या अपघात-उपचार पाठ्यक्रमाने २०१८ च्या दहाव्या आवृत्तीत रक्तासाठी २८ ते ३२ क्रमांकाची नळी सांगितली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील ११९ रुग्णांच्या चाचणीत १४ क्रमांकाची बारीक नळीही मोठ्या नळीइतकीच उपयोगी ठरली व रुग्णांना ती अधिक सुसह्य वाटली. मात्र ते रुग्ण स्थिर प्रकृतीचे होते, आणि ही नळी तारेवरून सरकवावी लागत असल्याने सरावाचा हात लागतो. रक्तदाब घसरत असलेल्या रुग्णावर तिचा प्रयोग करू नये.

तेव्हा आपल्यापुरता नियम सोपा आहे. प्रौढ रुग्णाच्या छातीत रक्त असेल, किंवा रक्त की हवा हे कळत नसेल, तर २८ ते ३२ क्रमांक. केवळ हवा असेल व रुग्ण स्थिर असेल तर बारीक नळी पुरते. मुलांसाठी, श्वासनलिकेत जी नळी बसेल तिच्या मापाची चौपट करावी. पाच वर्षांच्या मुलाला ५ मापाची श्वासनळी लागत असेल तर छातीसाठी २० क्रमांक घ्यावा. आणि योग्य क्रमांक हाताशी नसेल तर त्याच्या जवळचा जो असेल तो घालावा.

हवा दाबाखाली साचून रुग्ण गुदमरत असेल, तर क्ष-किरण चित्राची वाट पाहू नये आणि नळीचीही पाहू नये. प्रौढात चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, सुई किंवा छेद घेऊन बोट घालून हवा मोकळी करावी, नळी त्यानंतर.

नळी घालताना क्रमांकापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी आहेत. जागा काखेखालच्या सुरक्षित त्रिकोणातील असावी. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत शिरावे, कारण रक्तवाहिन्या व मज्जातंतू बरगडीच्या खालच्या कडेने जातात. टोकदार सळईचा उपयोग करू नये. आधी बोट फिरवून फुप्फुस चिकटलेले नाही याची खात्री करावी. नळीची सर्व छिद्रे छातीच्या आत असावीत. बाटलीतील नळीचे टोक पाण्याखाली सुमारे २ सेंटिमीटर राहावे.

परिचारिका भगिनींना विशेष विनंती : पेडण्याहून असो की काणकोणहून, रुग्ण बांबोळीस पाठविताना बाटली छातीच्या पातळीखालीच राहील असे पाहावे, आणि नळीस चिमटा लावू नये. हवा सुटत असताना चिमटा लावणे म्हणजे दाब पुन्हा वाढविणे होय. नळी घालताच १५०० मिलिलिटर रक्त आले, किंवा दोन ते चार तास दर तासाला २०० मिलिलिटर येत राहिले, तर रुग्णास शस्त्रक्रियेची गरज आहे असे समजून आधीच दूरध्वनी करावा.

शेवटी एक साधी सूचना. आपल्या केंद्रात परत गेल्यावर आजच कपाट उघडून पाहावे. २८ व ३२ क्रमांकाच्या नळ्या आहेत का, त्यांची मुदत संपली आहे का, बाटली व जोडनळी सोबत आहेत का, हे तपासावे आणि उणे असेल त्याचे मागणीपत्र पाठवावे. आणि प्रत्येक रुग्णपत्रिकेवर त्या दोन वेळा अवश्य लिहाव्यात. त्यांच्यातील अंतर जितके कमी, तितके आपले काम चांगले.