खचणे आणि बसणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या व्याख्यानांत साहित्य, संगीत आणि नाट्य या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. आमच्या वाट्याला आला आहे तो भिंतीला गेलेला तडा. विषय रुक्ष आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांनी शहरातील भाड्याची घरे सोडली आणि जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस जाऊन होसकोट्याच्या आसपास आयुष्याची पुंजी घरात घातली. त्या पुंजीखालची जमीन कशी आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आम्हीही विचारले नव्हते.

होसकोटे हे नाव आपल्याला परके नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि सिरा यांच्या बरोबरीने होसकोट्याचेही नाव येते. हा सारा मुलूख तळ्यांचा. एका तळ्याचे जास्तीचे पाणी कालव्याने खालच्या तळ्यात उतरावे, अशी जुन्या लोकांची योजना होती. त्या कालव्यांना येथे राजकालुवे म्हणतात. शहर वाढले तसे त्यांतले बरेच काही बुजले. बंगळूरचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर उभे आहे आणि कंठीरव क्रीडागार संपंगी तळ्याच्या. तळ्यांची ही गत, तेथे विहिरींची गणती कोण ठेवणार!

2022 च्या पावसाळ्यात बंगळूर परिसरात पावसाने हाहाकार माजविला, हे आपणांस स्मरत असेल. त्या सप्टेंबरात एके पहाटे आमच्या स्वयंपाकघरातील फरशी एका कोपऱ्यात चार बोटे खाली गेलेली दिसली. भिंतीवर विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तडा चढला होता. आठवड्याच्या आत पुढल्या खोलीचे दार चौकटीत अडकू लागले आणि कुंपणाची भिंत रस्त्याकडे कलली. घराचा विमा होता. आम्ही विमापत्र कपाटातून काढले आणि प्रथमच पूर्ण वाचले.

येथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. 1 एप्रिल 2021 पासून आपल्या देशात घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे एकाच मसुद्याचे विमापत्र विमाकंपन्यांना देणे बंधनकारक झाले. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर घराखालची जमीन खचणे आणि दरड कोसळणे हीही संकटे त्यात येतात. घरातील सामानाला इमारतीच्या विमारकमेच्या वीस टक्के, परंतु दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. विमारक्कम थोडी कमी पडली म्हणून दावा त्या प्रमाणात छाटता येत नाही, ही या मसुद्यातील मोठी सोय आहे.

परंतु खचण्याच्या त्याच कलमाला पाच अपवाद जोडलेले आहेत. नव्या बांधकामाचे स्वाभाविक बसणे व तडकणे, भराव घातलेल्या जमिनीचे दबणे वा सरकणे, समुद्राने वा नदीने काठ झिजविणे, सदोष आराखडा, कारागिरी किंवा साहित्य, आणि शेवटी पाडकाम, बांधकाम, दुरुस्ती वा खोदकाम. यांमुळे झालेली हानी भरून मिळत नाही. आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. आपण म्हणतो, जमीन खचली. आणि म्हणतो, घर बसले. विमा आहे तो खचण्याचा, बसण्याचा नाही. तडा मात्र दोन्हींचा सारखाच दिसतो.

सोलापूर, लातूर, परभणीकडच्या मंडळींस आणखी एक सांगावयाचे आहे. तिकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगून घराला वर उचलते. विमापत्रात खचणे लिहिले आहे, फुगणे लिहिलेले नाही. ब्रिटनमध्ये चिकणमातीमुळे हाच प्रश्न आहे. तेथे 1971 पासून घरांच्या विम्यात खचण्याचा समावेश झाला आणि 1976 च्या अवर्षणात माती आकसून दाव्यांची रीघ लागली. तिकडच्या विमापत्रांत जमिनीचे फुगणेही सहसा खचण्याच्या जोडीने असते. आपल्याकडील कलम त्या मानाने आखूड आहे.

आता आमच्या घराकडे वळू. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळविले, छायाचित्रे काढली, आणि कोणतीही दुरुस्ती न करता भिंतीला टेकू दिले. एका स्थापत्य अभियंत्यांना बोलावले. त्यांनी तड्यांवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवून त्यांवर तारखा घातल्या. पट्टी फुटली तर तडा अजून चालतो आहे असे समजावे.

सर्वेक्षक यावयाच्या दोन दिवस आधी शेजारचे वृद्ध अज्ज काठी टेकीत आले. पुढल्या खोलीच्या कोपऱ्यावर काठी आपटून म्हणाले, “इल्ली बावी इत्तु.” येथे विहीर होती! आमच्याही आधीच्या मालकाने ती विटा-कौलांचे तुकडे आणि माती टाकून बुजविली होती. म्हणजे भराव; म्हणजे दुसरा अपवाद.

त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, विहीर आपण बुजवलेली नाही. विचारले तर सांगू. नाही तर त्यांचे त्यांना शोधू दे.” त्यावर आमच्या घरातून उत्तर आले, “भावजी, खड्डा खणला की विटा निघणारच. मग स्वयंपाकघराबद्दल तरी आपले खरे कोण मानील?” बंधूंचे म्हणणे आम्हांला अगदीच वावगे वाटले नाही, हे येथे कबूल करतो. अडचणीतला माणूस नियमांतल्या फटी शोधतो. शेवटी विहीर सांगावयाची असे ठरले.

सांगितली, आणि महिन्याभरात कंपनीचे पत्र आले: जमीन भरावाची आहे, सबब संपूर्ण दावा नामंजूर. बंधू काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे आम्हांला अधिक लागले.

परंतु पत्रातील ‘संपूर्ण’ या शब्दावर आमचे अभियंता अडले. विहीर पुढे, स्वयंपाकघर मागे. दोहोंत तीस फुटांचे अंतर. त्यांनी दोन्हीकडे परीक्षणाचे खड्डे घेतले. पुढे माणूसभर खोलीपर्यंत काळा चिखल आणि कौलांचे तुकडे निघाले. मागे मूळची लाल माती होती आणि तिच्या पोटात पावसाच्या लोंढ्याने माती वाहून नेल्यामुळे झालेली पोकळी. पुढचे घर बसले होते, मागचे खचले होते. अपवादाचे कलम जो पुढे करतो त्यानेच ते सिद्ध करावयाचे असते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. हा मुद्दा, दोन्ही खड्ड्यांची छायाचित्रे आणि महसूल खात्याचा जुना ग्रामनकाशा जोडून आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. नकाशावर विहिरीची खूण नेमकी होती, आणि स्वयंपाकघराच्या जागी काहीही नव्हते. जो नकाशा आमच्या विरुद्ध जाईल अशी धास्ती होती, तोच मागच्या भागापुरता आमचा साक्षीदार झाला.

फेरतपासणी झाली. स्वयंपाकघर आणि मधली भिंत मंजूर झाली. पुढली खोली व कुंपण नामंजूर. अभियंत्यांच्या फीसाठी मंजूर रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि मलबा हलविण्यासाठी दोन टक्क्यांपर्यंत तरतूद या विमापत्रात आहे, तीही मिळाली. पोकळी भरण्याचा खर्च मात्र आमच्याच पदरी पडला, कारण विमा इमारतीचा असतो, जमिनीचा नव्हे. एकंदर मागणीच्या निम्म्याहून थोडे कमी हाती आले.

कंपनीने अर्ज फेटाळला असता, किंवा महिन्याभरात उत्तर दिले नसते, तर विमा लोकपालाकडे जाण्याची आमची तयारी होती. त्यांचे कार्यालय बंगळूरातही आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही; कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. 2023 पासून पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी त्यांच्यापुढे नेता येतात.

पुढली खोली आम्ही गेल्या वर्षी स्वखर्चाने पाडून पुन्हा बांधली, या खेपेस विहिरीच्या तळापर्यंत पाया नेऊन. ते काम चालू असता अज्ज रोज येऊन बसत. आमच्या पलीकडच्या भूखंडावर एक मराठी कुटुंब घर बांधणार आहे. त्यांनाही आम्ही प्रथम अज्जांकडेच नेले. ज्यांना भूखंड घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी तो ग्रामनकाशा आज येथे आणला आहे. चहापानाच्या वेळी मागल्या मेजावर तो उलगडून ठेवू.