पाळीव प्राण्यांवरील किरणोत्सारी उपचार आणि कुटुंबाची सुरक्षितता



उतारवयातील मांजरांमध्ये थायरॉइड ग्रंथीच्या अतिस्रावाचा विकार नेहमी आढळतो. खाणे वाढूनही वजन घटत जाते आणि हृदयावर ताण येतो. अमेरिकेत यावर आयोडीन-१३१ या किरणोत्सारी समस्थानिकाचे इंजेक्शन दिले जाते. ग्रंथीतील रोगट पेशी ते शोषून घेतात आणि नष्ट होतात. बहुतेक मांजरे एकाच मात्रेने बरी होतात. प्रश्न उरतो तो त्यांना घरी केव्हा व कसे पाठवावे याचा.

या आयोडीनमधून भेदक गॅमा किरण बाहेर पडतात. शिवाय त्याचा काही अंश मूत्र, विष्ठा व लाळेवाटे उत्सर्जित होतो आणि अंग चाटण्याच्या सवयीमुळे केसांवरही पसरतो.

येथे नियमांतील एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. हेच औषध घेतलेल्या माणसामुळे इतर कोणासही ५ मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळण्याचा संभव नसेल, तर अमेरिकेत त्याला घरी सोडता येते. प्राण्यांच्या बाबतीत ही सवलत नाही. तेथे सर्वसामान्य जनतेसाठीची वर्षाला १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादाच लागू होते. भारतातही जनतेसाठी हीच वार्षिक मर्यादा आहे. या कठोरपणाचे औचित्य सहज पटते. माणूस सूचना समजून अंतर राखतो. मांजर मात्र सवयीने मुलांच्या अंथरुणात शिरते.

म्हणून मांजराला काही काळ रुग्णालयातच ठेवतात आणि मापकाने मोजणी करूनच सोडतात. त्यानंतरची जबाबदारी मालकाची असते. सांगितलेल्या मुदतीपर्यंत मांजराला मांडीवर वा अंथरुणात घेऊ नये. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता सुमारे एकचतुर्थांश होते. मलमूत्राची माती हातमोजे घालूनच काढावी. गर्भाची व बालकांची थायरॉइड ग्रंथी अधिक संवेदनशील असल्याने गरोदर स्त्रियांनी व मुलांनी या कामापासून दूर राहावे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे आहे. ८० दिवसांत त्याचा जेमतेम हजारावा भाग उरतो. त्यामुळे हा कचरा लगेच न टाकता, सूचनेप्रमाणे साठवून मग टाकणे इष्ट ठरते.

या सूचना म्हणजे उपचाराचाच उत्तरार्ध होय. घरात त्या पाळणे शक्य नसेल, तर तसे उपचारापूर्वीच स्पष्ट सांगावे. गोळ्या, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील मुक्काम वाढविणे हे मार्ग तेव्हा खुले असतात. इंजेक्शन दिल्यावर मात्र काळाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.