एका शब्दाची शिकवणी



आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एक कोरियन कुटुंब राहतं. नवरा कारखान्यात, मुलगा शाळेत आणि ती घरी. मला ती ‘ऑन्नी’ म्हणते. तिकडे बाईनं थोरल्या बहिणीला मारायची ही हाक. आपली ताईच म्हणा ना.

एकदा ती हॉटेलातून रडवेली होऊन आली. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला, आणि ही वेटरला सांगत होती, ‘सर्व्हिस म्हणजे फुकट!’ सगळे हसले. मुलगा म्हणाला, ‘आई, तू इंग्रजी बोलूच नकोस.’ तेव्हापासून तिनं तोंडच मिटलं. भाजीसुद्धा खुणेनं घ्यायची.

पण तिचं काय चुकलं? कोरियात खानावळवाल्या बाईनं एखादी जास्तीची ताटली पुढं ठेवून ‘सॉबिसु’ म्हटलं, की ती आमच्याकडून, पैसे नकोत. शब्द इंग्रजीच, पण तिथं जाऊन घरचा झालेला. आणि आपण? ‘सूनबाई सर्व्हिस करतात का?’ म्हणजे नोकरी करतात का, असंच ना? हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग बसलो शिकायला. आधी उच्चार. कोरियनमध्ये ‘व्ह’ नाही, तिथं ‘ब’ येतो. शेवटचा नुसता ‘स’ही टिकत नाही, मागे ‘उ’सारखा स्वर लागतो. म्हणून तिच्या शब्दाला 3 टाळ्या पडायच्या, इंग्रजीत पडतात 2. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, टाळ्या वाजवत आम्ही तो शब्द घोटला.

मग अर्थ. वहीत शब्दापुढं अर्थ लिहिलाच नाही, वाक्यं लिहिली. हॉटेलातली सर्व्हिस चांगली आहे. गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. बस सर्व्हिस सकाळी सुरू होते. रोज एक वाक्य ती वॉचमनला नाहीतर मला म्हणून दाखवायची.

मागच्या आठवड्यात शाळेच्या पालकसभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘बस सर्व्हिस इज लेट. एव्हरी डे.’ मुलगा शेजारीच होता. तो हसला नाही. बाकीच्या आयाही मग बोलू लागल्या.

तुमचाही एखादा शब्द असेल, कुणी हसलं म्हणून सोडून दिलेला. आज वहीत त्याची 3 वाक्यं लिहा आणि पोळ्या लाटताना मोठ्यानं म्हणा.