कंपायलर आणि प्रोग्रामचा आकार

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला थेट कळत नाही. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. सोर्स कोडचे एक अक्षरही न बदलता केवळ कंपायलर किंवा त्याची सेटिंग बदलली, तरी तयार होणारी फाइल लहानमोठी होते.

१९८७मध्ये प्रथम उपलब्ध झालेल्या जीसीसी या कंपायलरचे उदाहरण घेऊ. त्याच्या ‘ओ-झिरो’ पातळीवर ऑप्टिमायझेशन जवळजवळ होत नाही. व्हेरिएबलची किंमत पुन्हा पुन्हा मेमरीतून वाचली आणि लिहिली जाते, त्यामुळे कोड लांबतो. ‘ओ-टू’ पातळीवर किमती रजिस्टरमध्ये राहतात आणि निरुपयोगी भाग गळतात. त्यामुळे वेग वाढतो आणि बहुधा आकारही घटतो.

‘ओ-थ्री’चा सारा भर वेगावर असतो. फंक्शनला कॉल करण्याऐवजी त्याचा मजकूर अधिक ठिकाणी कॉलच्या जागीच उतरवला जातो. काही लूप उलगडून लिहिले जातात. उड्या वाचतात, पण कोड फुगतो. फुगलेला कोड प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावला नाही, तर वेगही हाती लागत नाही. याउलट ‘ओ-एस’ ही पातळी ‘ओ-टू’मधील आकार वाढवणारे उपाय वगळते. क्लँग या कंपायलरमधील ‘ओ-झेड’ त्याहून काटकसरी आहे. ती सोय जीसीसीत २०२२च्या बाराव्या आवृत्तीत आली.

ही काटकसर लहान उपकरणांत निर्णायक ठरते. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या आर-थ्री आवृत्तीतील चिपमध्ये फ्लॅश मेमरी ३२ किलोबाइट असते. त्यातील ५१२ बाइट बूटलोडरला जातात आणि प्रोग्रामसाठी ३२,२५६ बाइट उरतात. म्हणून आर्डुइनोचे सॉफ्टवेअर मुळातच ‘ओ-एस’ वापरते. शिवाय प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेवले जाते आणि ज्याला कोठूनच कॉल नाही ते, सारे कप्पे जोडून फाइल बनवणारा लिंकर टाकून देतो.

लिंकिंगचा परिणाम मोठ्या संगणकावरही दिसतो. लायब्ररी स्टॅटिक पद्धतीने जोडली, तर तिचा लागणारा भाग फाइलमध्येच येतो. लिनक्सवर जीलिबसी ही सी भाषेची लायब्ररी अशी जोडल्यास चार ओळींच्या प्रोग्रामची फाइलही शेकडो किलोबाइटची होते.

डीबगिंगची माहितीही फाइल वाढवते, मात्र प्रोग्राम चालताना ती सहसा मेमरीत जात नाही. ‘स्ट्रिप’ कमांडने ती काढता येते. म्हणून तुलना करताना फाइलचा एकूण आकार पुरेसा नाही. ‘साइज’ कमांड कोड, डेटा आणि सुरुवातीला शून्य असलेला डेटा यांचे आकडे वेगळे दाखवते. खरी तुलना त्या आकड्यांवरच होते.