घटना आहे, माणूस नाही



मी कॉम्प्युटरवर बोलेन असं संयोजकांनी धरून ठेवलं होतं. मी बोलणार आहे कोर्टकचेरीवर, आणि त्याचं मूळ आहे नववीच्या निबंधाच्या वहीत.

बाईंनी 'मी पाहिलेला अपघात' लिहायला सांगितला होता. वेळ, जागा, गाडीचा नंबर, सगळं मी बिनचूक लिहिलं. खाली लाल शाईत शेरा आला : 'घटना आहे, माणूस नाही.' दहापैकी पाच. आठवडाभर रुसले होते.

पुढे इंजिनीअर झाले. तिथे बिनचूकपणाचेच पैसे मिळतात. मग कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीवर मला घेतलं. पहिला अहवाल मी सॉफ्टवेअरमधली चूक नोंदवतात तसा लिहिला. त्यात एक ओळ होती : 'तक्रारदाराने विरोध केल्याचे दिसत नाही.' समितीवरच्या वकीलबाईंनी ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी १९७९ सालचं एक पत्र माझ्या हातात ठेवलं.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं हे खुलं पत्र. कायद्याचे विद्यार्थी ते आजही वाचतात. प्रकरण आपल्या विदर्भातलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती, आरोपी दोन पोलीस. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती. पत्रात नवा पुरावा नाही. तीच हकीकत त्यांनी मुलीच्या जागी उभं राहून सांगितली. रात्रीची वेळ. वय चौदा ते सोळा. घरची माणसं बाहेर, दार बंद, समोर पोलीस. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे 'हो' का?

निकाल फिरला नाही. पण देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'संमती नव्हती' असं स्त्रीने सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं.

मी वकीलबाईंना विचारलं, "म्हणजे गोष्ट रचायची?" त्या म्हणाल्या, "रचायची नाही. तुम्ही गाळलीत, तेवढी परत घाला."

मग मी दोघांचेही जबाब पुन्हा काढले. तिच्या कामाचा वार्षिक शेरा कोण लिहितो, खोलीचं दार कुणी लावलं, नोकरी गेली तर घरी काय, हे सगळं जबाबात होतंच. मीच 'अनावश्यक' म्हणून वगळलं होतं! त्याचं म्हणणंही मी दोन ओळींत गुंडाळलं होतं, तेही सविस्तर लिहिलं. 'विरोध दिसत नाही' ही ओळ काढली.

पुढे काय झालं ते सांगता येणार नाही. २०१३ च्या कायद्याने अशी माहिती बाहेर सांगायला बंदी आहे. नाहीतर बाई, अहवाल तुमच्याकडे तपासायला दिला असता.