ताप नसला तरी

यकृताचा सिरोसिस पुढच्या पायरीवर गेलेला एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पोटात पाणी झालेलं, हातापायांच्या काड्या. दोन दिवसांपासून तो दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा असतो, नातवाला भलत्याच नावानं हाक मारतो. ताप नाही, पोटही दुखत नाही. घरचे म्हणतात, “अशक्तपणा असेल.” मात्र त्या वेळी त्याच्या पोटातल्या पाण्यात जंतू वाढत असू शकतात.

ताप का येत नाही?

आतड्यांतलं रक्त आधी यकृतात येतं, मग हृदयाकडे जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीन चतुर्थांश या वाटेनं येतं. सोबत आलेले जंतू तिथल्या कुप्फर पेशी गिळून टाकतात. सिरोसिसमध्ये यकृत घट्ट होतं, रक्त आडवाटांनी निसटतं आणि जंतूही या पेशींना चुकवून पुढे जातात. जंतूंवर खूण करणारी प्रथिनं यकृतातच तयार होतात, तीही कमी पडतात. फुगलेली प्लीहा पांढऱ्या पेशी अडवून ठेवते. उरलेल्या पेशी सततच्या माऱ्यानं आधी भडकतात आणि पुढे पुढे थकतात. म्हणून संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही, आणि लस टोचली तरी या रुग्णांना पुरेसं संरक्षण मिळेलच असं नाही.

आतड्याला भोक नाही, गळू नाही, तरीही पोटातल्या पाण्याला संसर्ग होतो, हे अमेरिकन डॉक्टर हॅरॉल्ड कॉन यांनी १९६४ मध्ये ठळकपणे मांडलं. तेव्हा यातले बहुतेक रुग्ण दगावत. आज निदान सोपं आहे. सुईनं थोडं पाणी काढायचं आणि पेशी मोजायच्या. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या, की कल्चरच्या अहवालाची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात.

“पाणी काढलं की माणूस खचतो,” या भीतीपोटी नातेवाईक कित्येकदा नको म्हणतात. तपासणीपुरतं काढलेलं पाणी अगदी थोडं असतं, त्यानं कुणी खचत नाही. जीव जातो तो उशिरामुळे.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये १२६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसतं अँटिबायोटिक दिलेल्या गटात २९ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. जोडीला शिरेतून अल्ब्युमिन हे प्रथिन दिलेल्या गटात १० टक्के. मूत्रपिंडं वाचली, हे त्यामागचं मोठं कारण.

बरा झालेला रुग्णही सुटला असं नाही. हा संसर्ग उलटतो, म्हणून पुढे रोज अँटिबायोटिकची गोळी देतात. पण त्या गोळ्यांना दाद न देणारे जंतू आता वाढले आहेत. त्यामुळे घरी परतलेला रुग्ण पुन्हा बरळू लागला, तर ताप नसला तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं आणि पोटातलं पाणी तपासायला सांगावं.